आपल्याकडे बाळंतपणाची रजा किती?

टेलिफोन ऑपरेटरच्या पोटात किती गोष्टी साठतात, हे तिच्या नवऱ्याला विचारा! दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडायची, स्वतः तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि संध्याकाळी घरी आलं की मेथी निवडता निवडता सगळं भडाभडा बाहेर. आमचे हे म्हणतात, "कुंदा, तू रिटायर झालीस, पण तुझा बोर्ड काही बंद होत नाही." नाहीच होत. सगळ्या गोष्टी सांगायला बसले तर तुम्ही उठून जाल, म्हणून आज फक्त रजेच्या सांगते.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका पंख्यांच्या कंपनीत बोर्डावर होते. राहायला कल्याणला. बोर्ड म्हणजे तो जुना, दोऱ्यांचा. बाहेरून फोन आला की समोर दिवा लागायचा, मग एक दोरी उचलून ज्या साहेबांना द्यायचा त्यांच्या नंबरात खोचायची. ऐंशीच्या दशकातले फोन म्हणजे काय सांगू! काल संध्याकाळी बरा असलेला फोन सकाळी मेलेला असायचा. म्हणून साहेब लोक यायच्या आत आम्ही 'लाईन चेक' करायचो. प्रत्येक लाईनवरून कुठे तरी फोन लावून बघायचा. कुठे लावणार? शेजारच्या कंपनीतल्या ऑपरेटरला!

अशा आमच्या चौघी जमल्या. मी पंखेवाल्यांची. वैशाली रंगाच्या कंपनीत, ती आंबिवलीहून यायची. नलू बिस्किटवाल्यांकडे. ही चेंदणी कोळीवाड्यातली, आवाज असा की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं. आणि औषधांच्या कंपनीतल्या लिमयेबाई. डोंबिवलीच्या, आम्हा तिघींपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. त्या "हॅलो" म्हणाल्या की पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहायचा म्हणे!

लाईन चेक म्हणजे नियमाप्रमाणे एक वाक्य. "लाईन ओके?" "लाईन ओके." आमचं ते शेवटचं वाक्य असायचं. त्याआधी सासू, आमटी, साड्या, पोरांचा खोकला, सगळं चेक व्हायचं. दोन-तीन दोऱ्या एकत्र जोडल्या की चौघींना एकदमच बोलता यायचं.

*

या धंद्यात एक रोग जडतो. कुठेही घंटा वाजो, कोणी ओरडो, तोंडातून बोर्डावरचं वाक्य बाहेर पडतं. मी एकदा सत्यनारायणाच्या पूजेला बसले होते. गुरुजींनी घंटा वाजवली आणि मी हात जोडून म्हटलं, "नमस्कार, पंखा विभाग देऊ का?"

पण खरा मान नलूचा. तिच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट. कळा सुरू झालेल्या, नलू टेबलावर, आणि डॉक्टरीणबाई ओरडतायत, "लाव जोर! लाव!" नलूने डोळे मिटले आणि दातओठ खात म्हणाली, "लाईन बिझी आहे, होल्ड करा!"

डॉक्टरीणबाईंनी होल्ड केलं. पोराने नाही केलं!

*

नलू रजा संपवून परत आली आणि आमच्या लाईन चेकला नवीनच विषय मिळाला. कोणाच्या कंपनीत बाळंतिणीला काय मिळतं? कायद्याने तीन महिने सगळीकडे सारखेच होते. सगळी चुरस वर मिळणाऱ्या वस्तूंची.

"आमच्याकडं तीन महिने, नि वर बिस्किटांचा डबा," नलू म्हणाली. "मोठा!"

"आमच्याकडे तीन महिने आणि टॉनिकच्या बाटल्या," लिमयेबाई म्हणाल्या. "चव अत्यंत वाईट आहे, पण देतात."

मीही मागे कशाला राहू? म्हटलं, "आमच्याकडे तीन महिने आणि निम्म्या किमतीत टेबलफॅन."

"नि पोर थंडीत झाला तर?" नलूने विचारलं. याचं उत्तर आमच्या कंपनीकडे नव्हतं.

राहिली वैशाली. शेवटी आम्ही खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तीन महिने आणि डिस्टेंपरचा एक डबा."

"अगं मग चांगलंय की! घर रंगव!"

"हो, पण रंग आपला निवडता येत नाही. जो खपत नाही तो देतात."

*

आता या वैशालीबद्दल सांगायलाच हवं. ही बाई खोटं बोलू शकत नव्हती. बोलायची नाही असं नव्हे, तिला ते जमायचंच नाही. आणि ऑपरेटरच्या नोकरीत तर निम्मा दिवस खोटंच बोलायचं असतं! साहेब समोर चहा पीत असतात आणि आपण म्हणायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

तिचे पर्सोनेल मॅनेजर होते साठे साहेब. एकदा एक कंत्राटदार त्यांच्या फार मागे लागला होता. साहेबांनी वैशालीला बजावलं, "त्याचा फोन आला तर मी नाही म्हणून सांग."

फोन आला. वैशालीने दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, "साहेब आहेत, पण ते नाहीत असं सांगायला त्यांनी सांगितलंय."

साठे साहेबांनी तिला आत बोलावून घेतलं. "अगं, हे काय बोललीस?"

"साहेब, तुम्ही सांगितलं तेच सांगितलं," वैशाली म्हणाली. तिला खरोखरच कळलं नव्हतं तिचं काय चुकलं ते. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढे कधी तिला असलं काम सांगितलं नाही. त्या कंत्राटदाराला मात्र त्याची काहीच हरकत नव्हती. तो म्हणायचा, सबंध इस्टेटमध्ये खरं बोलणारी ही एकच बाई!

*

तर या वैशालीला लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले. लाईन चेकला तिने सांगितलं तेव्हा नलूने एवढी मोठ्याने आरोळी ठोकली की माझ्या बोर्डावरचे दोन दिवे उगाचच लागले!

पण वैशालीचा आवाज काही खुलेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेवटचा दीड महिना अंथरुणातून उठायचं नाही. रजा तीन महिन्यांची. म्हणजे बाळ झाल्यावर उरणार दीड महिना. घरात तिसरं माणूस नाही. सासू नाही, आई कोकणात आजारी. नवऱ्याच्या कारखान्यात ले-ऑफ चालू, आज काम आहे, उद्या नाही. काम शोधायला तो दिवसभर बाहेर. म्हणजे नोकरी सोडायची सोय नाही, आणि दीड महिन्याचं पोर आंबिवलीला ठेवायचं तर कोणाजवळ?

"आणखी दीड महिना मिळाला ना," ती म्हणाली, "तर तोपर्यंत माझी मावशी मोकळी होतेय. ती येऊन राहील. प्रश्न तेवढ्या दीड महिन्याचा आहे गं."

ती साठे साहेबांकडे गेली. साठे साहेब माणूस वाईट नव्हता. पण आजूबाजूला काय चालतं ते पाहिल्याशिवाय चहात साखरसुद्धा घालणार नाही, असा! ते म्हणाले, "कायद्याने तीन. त्यापुढे कंपनीची मर्जी. आणि कंपनीची मर्जी म्हणजे बाकीचे देतात तेवढं."

"मग बाकीच्यांना विचारा ना, साहेब."

इथे खरी गोची होती. साठे साहेबांचं बाकीच्यांशी पटत नव्हतं. आमच्या पर्सोनेलच्या केळकर साहेबांनी त्यांचा एक चांगला फिटर पळवलेला. बिस्किटवाल्यांनी क्रिकेटच्या मॅचमध्ये त्यांना हरवून वर बिस्किटंच बक्षीस दिलेली. अशा लोकांना फोन करून 'तुमच्याकडे किती' म्हणून विचारायचं? छे!

"तूच विचार," साहेब वैशालीला म्हणाले. "तिथल्या ऑपरेटरना ठाऊक असतं सगळं. माझं नाव काढू नकोस. आणि मी आतून फोनवर ऐकणार आहे. नंतर तू मला चार म्हणालीस की पाच, असा घोळ नको."

वैशालीवर असा संशय! पण तिला त्याचंही वाईट वाटलं नाही. म्हणाली, "बरं, साहेब."

*

त्या जुन्या फोनची एक खोड होती. दोघं बोलत असताना त्याच लाईनवर तिसऱ्याने रिसीव्हर उचलला की आवाज बसायचा. कोणी फोनवर उशी ठेवावी तसा. इतरांना ते कळायचं नाही. ऑपरेटरला कळल्याशिवाय राहायचं नाही.

दुपारी माझ्या बोर्डावर दिवा लागला.

"नमस्कार. मी रंगाच्या कंपनीतून बोलतेय. आपल्याकडे बाळंतपणाची रजा किती?"

वैशाली! रोज सकाळी मला 'कुंदे' म्हणणारी वैशाली मला 'आपल्याकडे' म्हणतेय! आणि विचारतेय काय, तर जे तिला माझ्याइतकंच पाठ आहे ते! मी तोंड उघडलं होतं, "अगं बरी आहेस ना?" म्हणायला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आवाज बसलाय.

"चार महिने, मॅडम," मी म्हटलं.

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "चार?"

"चार. भरपगारी."

फोन ठेवला आणि मी दुसऱ्या लाईनवरून नलूला धरलं. "नलू, आता वैशालीचा फोन येईल. तिचा साहेब ऐकतोय. चार सांग!"

"चार? तुमच्याकडं चार, नि आमच्याकडं पन चारच? बिस्किटवाले काय भिकारी हायत?"

"नलू, चारच सांग! सारखं हवं!"

नलूने सांगितलं सव्वाचार!

राहिल्या लिमयेबाई. त्यांचा फोन लागता लागेना. मी फिरवते, एंगेज. परत फिरवते, एंगेज. बाई कडक शिस्तीच्या. आम्ही कधी साहेबांची टिंगल केली तरी म्हणायच्या, "लाईन कंपनीची आहे, कुंदा." त्यांना जर आधी सांगितलं नाही तर त्या स्वच्छ आवाजात 'तीन' म्हणणार आणि वैशालीच्या साहेबाच्या कानावर तेच शेवटचं पडणार.

शेवटी लागला एकदाचा. मी घाईघाईने म्हटलं, "बाई, वैशालीचा फोन येईल, तिला..."

"येऊन गेला," बाई म्हणाल्या.

"काय सांगितलंत?"

"साडेचार. पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेचं तेव्हा पाहू, असं सांगितलं."

"बाई! पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आवाज बसला होता की," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

*

साठे साहेबांनी रिसीव्हर ठेवला तो तावातावातच. "औषधवाले साडेचार देतात? आणि आपण तीन? रंगवाले काय कोणाच्या मागे आहेत?" संध्याकाळच्या आत साडेचार महिने मंजूर!

आम्ही दुसऱ्या दिवशी लाईन चेकला पेढ्यांच्या गोष्टी करत होतो. आणि वैशाली म्हणाली, "मी आज साहेबांना जाऊन खरं काय ते सांगणार."

नलू किंचाळली, "येडी झालीस काय गो?"

"मला झोप नाही लागली. खोट्या रजेवर मी कशी जाऊ?"

मी समजावलं, नलूने शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. ती ऐकेना. मग लिमयेबाई बोलल्या. बाईंचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकला, अगदी हळू.

"वैशाली, माझा मुलगा दीड महिन्याचा होता तेव्हा मी बोर्डावर परत बसले. दुपारी त्याच्या दुधाची वेळ झाली की माझा पदर ओला व्हायचा. साडीवर दिसू नये म्हणून मी उन्हाळ्यात शाल घेऊन बसायचे. लोक विचारायचे, बाई, थंडी वाजते का? मी हो म्हणायचे. ते खोटं मी महिनाभर रोज बोलले. कालचं त्यापेक्षा बरं खोटं होतं. आणि तू काही बोललीच नाहीस. तू विचारलंस, आम्ही सांगितलं. आता गप्प बस आणि रजा घे."

माझे डोळे भरून आले होते, आणि समोर तीन दिवे लागलेले तसेच.

मग वैशाली म्हणाली, "लाईन ओके."

*

वैशाली रजेवर गेली आणि तिच्या जागी साठे साहेबांनी गोदामातल्या गावडेला बसवलं. साहेबांचं म्हणणं, दोऱ्या तर खोचायच्यात, त्यात काय एवढं!

गावडेने पहिल्याच दिवशी फोन उचलला आणि ओरडला, "कोन पायजे?" पलीकडे दिल्लीचं हेड ऑफिस. दुसऱ्या दिवशी त्याने साठे साहेबांची दोरी त्यांच्याच बायकोला जोडली, त्या वेळी साहेब तिच्याबद्दलच कोणाशी तरी बोलत होते!

तिसऱ्या दिवशी आम्हाला दया आली. रोज लाईन चेकला आम्ही तिघी त्याला एक एक गोष्ट शिकवायला लागलो. नमस्कार म्हण. नाव विचार. थांबा म्हण. बाईंनी तर त्याच्याकडून श्लोक घ्यावा तसं घोटून घेतलं. महिन्याभरात गावडे इतका तयार झाला की कंत्राटदाराला सांगू लागला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

साठे साहेब खूश झाले. म्हणाले, "हे बघा, हे वैशालीला जमत नव्हतं!"

*

मुलगी झाली. बारशाला आंबिवलीला आम्हा तिघींना आमंत्रण. आता गंमत बघा, इतकी वर्षं रोज बोलत होतो, पण आम्ही एकमेकींची तोंडं पाहिली नव्हती! मी स्टेशनवरून चालत गेले. घरात बायकांची ही गर्दी. कोण नलू, कोण लिमयेबाई, काही कळेना. एक उंच, धिप्पाड, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई दिसली. म्हटलं ह्याच बाई. वाकून नमस्कार केला.

"अगो, पाया कसल्या परतेस? मी नलू!"

आणि कोपऱ्यात पाळण्याजवळ एक चिमुकली, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल अशी म्हातारी उभी होती. हिच्या "हॅलो"ला लोक उभे राहायचे! ती बाळाकडे बघत होती. मी जवळ गेले तशी न वळताच म्हणाली, "कुंदा ना? आवाज ओळखला, तू येतानाच बोलत येत होतीस."

वैशालीने बाळ त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते धरलं, आणि कितीतरी वेळ परत दिलंच नाही. मावशी अजून आलेली नव्हती. रजा असल्यामुळे तिच्यावाचून काही अडलंही नव्हतं.

*

आता ऐका, त्या साडेचार महिन्यांचं पुढे काय झालं ते. वर्ष-दोन वर्षांत कुठल्याशा जेवणात आमच्या केळकर साहेबांच्या कानावर गेलं की रंगवाले साडेचार महिने देतात. ते तणतणत आले. "तो साठे देतो आणि आपण नाही?" आमच्याकडे साडेचार! माझा दुसरा मुलगा त्या साडेचारात झाला. मी खोटेच चार सांगितले होते, ते मला असे व्याजासकट परत मिळाले. मग बिस्किटवाल्यांकडे युनियनने ओरडा केला, पंखेवाले देतात तर आपण का नाही? तिथेही झाले.

सगळ्यात शेवटी औषधवाले! ज्यांच्या नावावर हे सगळं सुरू झालं, त्यांच्याकडे साडेचार व्हायला नव्वद साल उजाडून गेलं. तोवर लिमयेबाई रिटायर व्हायला आल्या होत्या. सर्क्युलर नेमकं त्यांच्या बोर्डाशेजारच्या भिंतीवर लागलं.

लाईन चेकला त्यांनी ते आम्हाला पूर्ण वाचून दाखवलं. आणि म्हणाल्या, "मी कधी खोटं बोलत नाही. थोडं आधी बोलते, इतकंच."

*

नव्वदचं दशक संपत आलं. दोऱ्यांचे बोर्ड गेले, बटणांचे आले. आमच्याकडे पर्सोनेलला मिस नाडकर्णी नावाची तरुण अधिकारी आली आणि तिच्यामागून आला कॉम्प्युटर आणि इंटरनेट. मिस नाडकर्णीच्या डोक्यात होतं रजेचं नवीन धोरण करायचं. म्हणाली, "कुंदाताई, नेटवर एक जागा आहे. जगातल्या कंपन्या बाळंतपणाला किती रजा देतात ते सगळं शेजारी शेजारी लावून बघता येतं!"

मी म्हटलं, "वा! म्हणजे लाईन चेकच की!"

ते इंटरनेट टेलिफोनच्या लाईनवरून चालायचं. आणि माझी सवय, बाहेरच्या सगळ्या लाईन मध्ये मध्ये उचलून बघायच्या, जिवंत आहेत ना. एक लाईन उचलली तर आतून कर्रर्र, किंईई, खर्रर्र! म्हटलं, मेली ही! दोन-तीनदा आपटून पाहिली.

मिस नाडकर्णी जिना उतरून धावत आली. "कुंदाताई, काय केलंत? स्वीडन येत होतं हो! अर्धं आलेलं!"

त्या दिवशी मी स्वीडन तीनदा तोडलं. सवय, दुसरं काय!

*

शेवटी आलं स्वीडन. मिस नाडकर्णीने कॅन्टीनमध्ये सांगितलं, तिथे आईला तर पुष्कळ रजा मिळतेच, पण बापालाही मिळते!

सगळं कॅन्टीन हसलं. आमच्या वाइंडिंग, म्हणजे मोटरला तार गुंडाळणाऱ्या खात्यातला पवार तर टेबल बडवत हसला. "बापाला रजा? बाप घरी करणार काय? पंखा घालणार?" पवारची बायको जागृती माझ्या हाताखाली बोर्डावर होती. दोघं टिटवाळ्याहून यायचे. जागृतीला तेव्हा पाचवा महिना होता. ती काही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पवार माझ्याकडे आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, मॅडमना सांगा ना, मी काल उगाच हसलेलो. ते बापाच्या रजेचं... बघा म्हणावं जमतंय का. आमच्याकडे पण घरात कोणी नाही ओ."

मला एकदम वैशालीचं आंबिवलीचं घर आठवलं.

मिस नाडकर्णीने सगळं टाईप करून हेड ऑफिसला पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "स्वीडन राहू द्या. वागळे इस्टेटमध्ये काय चालतं ते कळवा."

ती बिचारी हिरमुसली. "नेटवर अख्खं जग आहे, कुंदाताई. वागळे इस्टेट नाही! आपल्या शेजारच्या कंपन्यांचं मी कुठून आणू?" मग तिला सुचलं. "तुम्हीच विचारता का? तुमच्या ओळखी आहेत. आधी रंगवाल्यांना लावा. मी इथेच बसते, स्पीकर चालू करा, म्हणजे मलाही ऐकू येईल."

स्पीकरवर बोललं की पलीकडे आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा जातो. मी बटण दाबलं. जागृती शेजारी पोटावर हात ठेवून बसलेली. पवार कशाला तरी आल्यासारखं करून दारात उभा.

पलीकडून वैशालीचा आवाज आला. मी घसा साफ केला.

"नमस्कार. मी पंख्यांच्या कंपनीतून बोलतेय. आपल्याकडे बाळंतपणाची रजा किती?"

वैशाली होती ती! जन्मात एक खोटं न बोललेली. साडेचार म्हणेल, दुसरं काय म्हणणार? साडेचारच खरे होते.

"सहा महिने, मॅडम," वैशाली म्हणाली.

मिस नाडकर्णीच्या हातातलं पेन थांबलं. तिने मला खुणेने विचारलं, आणि बापाला? मी स्पीकरजवळ वाकले.

"आणि वडिलांना?"

"एक महिना," वैशाली म्हणाली. "भरपगारी."

दारात काही तरी पडलं. बहुतेक पवारच्या हातातला पाना.

"लाईन ओके?" मी विचारलं.

"लाईन ओके," वैशाली म्हणाली.